मोजणीदार ‘क.’ : काफ्काची गढी आणि आमची साखळी

साखळीआणे (सातारा) :

राम राम मंडळी.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दीड महिना घरात अडकलो. सकाळचा अजिंक्यतारा बंद, पेठेतली चक्कर बंद. टीव्हीपुढं बसून सगळ्यांवर खेकसतो म्हणून मुलीनं तिच्या कॉलेजच्या काळातलं पुस्तकांचं खोकं पुढ्यात आणून ठेवलं. त्यात फ्रान्झ काफ्काची ‘द कॅसल’ निघाली. म्यूर पतीपत्नींनी १९३० साली केलेलं इंग्रजी भाषांतर. पानं पिवळी, आणि आतल्या कव्हरवर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘परीक्षेला नाही’.

ते मी शेवटपर्यंत वाचलं याला कारण एकच. पहिल्या काही पानांतच कळलं की नायक भूकरमापक आहे. मी जन्मभर हेच केलं. साखळी ३३ फुटांची, नोकरीही ३३ वर्षांची, असं माझ्या निरोपसमारंभात कोणीतरी म्हणालं होतं. कादंबऱ्यांमधून वकील, डॉक्टर, मास्तर, दारुडे, राजपुत्र सगळे भेटतात. मोजणीदार मला तरी पहिल्यांदाच भेटला. त्याला धड नावही नाही. नुसतं ‘के.’, म्हणजे आपल्या लिपीत ‘क’. मोजणी झाल्यावर अर्जदाराच्या हातात जो नकाशा पडतो त्याला ‘क प्रत’ म्हणतात, हे ज्यांनी रानाच्या बांधावरून भांडणं केलीत त्यांना सांगायला नको. तेव्हा इथून पुढं मी त्याला क.च म्हणणार.

गोष्ट अशी. क. बर्फातून चालत रात्री उशिरा एका गावात पोचतो आणि तिथल्या खाणावळीत पेंढ्याच्या गादीवर आडवा होतो. झोप लागते न लागते तोच एक पोरगा उठवतो. परवाना दाखवा. गाव गढीच्या मालकीचं आहे, परवान्याशिवाय मुक्काम करता येत नाही. क. म्हणतो, मला गढीनंच बोलावलंय, मी मोजणीदार. गढीवर फोन जातो. उत्तर येतं, असा कोणी बोलावलेला नाही. मग लगेच उलटा फोन, चूक झाली, बोलावलेला आहे. (‘कॅसल’ला मी गढी म्हणतोय. किल्ला म्हटलं की आम्हा सातारकरांना अजिंक्यतारा दिसतो. काफ्काची गढी तशी भव्यबिव्य नाही. क. तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघतो तेव्हा त्याला गावातल्यासारखीच बसकी घरं दाटीनं उभी दिसतात, एक बुरूज आणि त्याभोवती कावळे.) दुसऱ्या दिवशी तो गढीकडं निघतो. रस्ता टेकडीच्या जवळ जातो आणि वळतो, पुन्हा जवळ जातो आणि पुन्हा वळतो. कादंबरी संपेतो तो वर पोचत नाही.

काफ्काचा मित्र मॅक्स ब्रॉड म्हणायचा, गढी म्हणजे ईश्वरी कृपा. नंतरचे म्हणाले, गढी म्हणजे सरकारी दप्तर. माझ्या मुलीच्या वहीत लिहिलेलं, ‘आधुनिक माणसाचं परकेपण’. असेल. मी आपलं मोजणीदार म्हणून वाचलं आणि मला दुसरंच काहीतरी टोचत राहिलं.

पहिली गोष्ट, याच्याकडं साहित्य नाही. म्हणतो, माझे सहायक उद्या गाडीनं सामान घेऊन येतायत. ते कधी येतच नाहीत. त्यांच्याऐवजी गढीकडून दोघं येतात, आर्टुर आणि येरेमिआस, आणि सांगतात आम्हीच तुमचे जुने सहायक. हा विचारतो, सामान कुठाय? नाही. मोजणी येते का? नाही. हे वाचून मी दवाखान्यातून आणलेल्या काठीवर थाप मारून हसलो. असे दोघं मला सन ९४ ला मिळाले होते.

दुसरी गोष्ट. क. गावच्या प्रमुखाकडं जातो. प्रमुख संधिवातानं अंथरुणाला खिळलेला. तो गोडीगुलाबीनं सांगतो की बाबा, तुला बोलावलं ही चूक झाली. आम्हाला मोजणीदार नको. आमच्या हद्दी ठरलेल्या आहेत, नोंदी नीट आहेत, बारीकसारीक तंटे आम्ही आपसात मिटवतो. फार वर्षांपूर्वी मोजणीदार नेमायचा हुकूम निघाला होता, आम्ही ‘नको’ म्हणून कळवलं, ते उत्तर भलत्याच खात्याकडं गेलं आणि तिथं पोचलं तेव्हा लखोटा रिकामा होता. तो हुकूम शोधायला कपाट उघडतात तर सरपणाच्या मोळ्यांसारखी बांधलेली कागदांची भेंडोळी बाहेर पडतात. परत आत मावत नाहीत म्हणून कपाट जमिनीवर आडवं करून, कागद कोंबून, दारावर बसून ते बंद करतात. यावर जास्त बोलत नाही. पेन्शन चालू आहे.

तिसरी गोष्ट माझ्या मनातून जाईना. एक फूट जमीन मोजलेली नसताना क.ला गढीच्या अधिकाऱ्याचं, क्लामचं, पत्र येतं. तुमचं आजवरचं मोजणीचं काम समाधानकारक आहे, असंच चालू ठेवा.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. क.ला गावातून कोणी हाकलत नाही. नोकरी देतात, शाळेच्या शिपायाची. राहायला वर्ग देतात, फ्रीडा नावाची बाई मिळते, बियर मिळते. फक्त जे काम म्हणजे तो स्वतः, त्याची कोणाला गरज नाही. शत्रू असता तर बरं झालं असतं. शत्रूची गरज असते.

मी नोकरीला लागलो त्या वर्षीचं सांगतो. पाटण तालुक्याच्या बाजूचं एक गाव, नाव नको. हद्द कायमची मोजणी. शेवटच्या एसटीनं उतरलो. शंकू, साखळी, नकाशा काढायचा फलक, ट्रंक. पोलीसपाटलाचं घर विचारलं तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या. मारुतीच्या देवळात झोपलो. सकाळी अर्जदार आला, लगतवाले आले नाहीत. झेंडा धरायला मजूर मिळेना, कारण अर्ध गाव एका भावकीचं, अर्ध दुसऱ्या. चहा आला, पण ‘बसा’ कोणी म्हणालं नाही. बांधावर एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. बराच वेळ माझ्याकडं बघून म्हणाली, “मोजून रान वाढतंय व्हय रं बाबा?”

काफ्काच्या कादंबरीतही कातडी कमावणाऱ्याच्या घरी एक जण क.ला सांगतो, पाहुणचार ही आमची रीत नाही, आम्हाला पाहुणे लागत नाहीत. म्हातारीनं तेच जरा सभ्यपणे विचारलं होतं.

क. खरा मोजणीदार होता की थापा मारत होता, यावर तुमचं मत काय? आणि आपल्या मराठीत असा ‘नको असलेला’ माणूस कुठं आहे?

पोवईनाका :

काका, ‘क प्रत’ लय भारी. 😀 क.नं पहिल्याच दिवशी ‘अतितातडीची’ फी भरायला पाहिजे होती.

साखळीआणे :

आमच्या वेळी अतितातडीची असली तरी लगतच्या खातेदारांना नोटीस लागायचीच, दादा. आणि नोटिशीवर सही कोण करणार, सगळं गाव लगतचं.

हळदबाजार (सांगली) :

लेख आवडला काका, पण जरा कडू बोलतो. हे अस्तित्व, परकेपण, तुटलेपण हे पोट भरलेल्यांचे आजार आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे कुटुंबाबरोबर चालत मुंबईला गेले. शाळेत जवळपास गेलेच नाहीत. ‘फकिरा’ लिहिली १९५९ ला. त्यातला माणूस ‘मी कोण’ असं विचारत बसत नाही, दुष्काळात धान्य लुटून लोकांना वाटतो. तुमच्या क.ला दोन दिवस उपाशी ठेवा, गढी विसरून जाईल.

काफ्का तर नोकरदार माणूस. विमा संस्थेत होता ना?

रात्रपाळी :

हो, प्राग शहरात, कामगारांच्या अपघात विम्याच्या संस्थेत. १९०८ ते १९२२. कायद्याचा डॉक्टर होता, कारखान्यांची पाहणी करायचा, लाकूड रंधायच्या यंत्रात बोटं जाऊ नयेत म्हणून सुधारणा सुचवायचा. म्हणजे तुटलेली बोटं त्यानं कागदावर तरी रोज पाहिली होती. पोट भरलेला म्हणणं सोपं आहे.

कृष्णाकाठ (सांगली) :

हळदबाजार, तुमचा मुद्दा निम्मा मान्य. परकेपणासाठी ‘परात्मता’ हा शब्द मी तीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहिला. एकाही मुलाच्या तोंडात तो बसला नाही. आपल्याकडं त्यापेक्षा चांगला शब्द आहे, ‘उपरा’. आणि तो शब्द साताऱ्याच्याच लक्ष्मण मान्यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला दिला. कैकाडी कुटुंब, गाढवावर बिऱ्हाड, गावोगाव टोपल्या विणायच्या, गावाबाहेर राहायचं. क.ला रात्री परवाना विचारला तेव्हा मला तेच आठवलं. फरक एवढाच की मान्यांच्या कुटुंबाला फोन करून विचारायलाही वर कोणी नव्हतं.

आल्बेर कामूच्या १९४२ सालच्या ‘लेत्रांजे’ या नावाचा अर्थही ‘उपरा’ असाच होतो. त्याचा नायक मर्सो. त्याला नोकरी आहे, खोली आहे, मैत्रीण आहे. आई वृद्धाश्रमात वारते. तो रात्रभर तिच्याजवळ बसतो, दुधाची कॉफी पितो, सिगारेट ओढतो, रडत नाही. दुसऱ्या दिवशी पोहायला जातो आणि मैत्रिणीबरोबर विनोदी सिनेमा बघतो. पुढं तो एका अरबाला गोळी घालतो. आणि खटल्यात सगळा भर कशावर, तर आईच्या मयताला रडला नाही यावर.

हे मी शिकवायची तेव्हा मुलं म्हणायची, मॅडम, असं कुठं असतं का. मग मी त्यांना माझ्या थोरल्या दादाचं सांगायची. आई गेली तेव्हा दादा रडला नाही. सगळं केलं, हिशेब चोख ठेवले, पण डोळ्यांत टिपूस नाही. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. तासभर. पंधरावीस माणसं, आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा दादाकडं. कोणी काही बोललं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. त्याला पंचवीस वर्षं झाली, अजून लग्नकार्यात कोणीतरी म्हणतंच, “तुमच्या आईला काय कावळा शिवला नाही बाई.” मर्सोला मृत्युदंडाची शिक्षा झाली, दादाला एवढंच.

माझ्या मते मर्सो आणि क. उलटे आहेत. क.ला आत यायचंय. मर्सो आतच आहे, तो फक्त सगळे जे शब्द म्हणतात ते म्हणत नाही.

हळदबाजार :

ताई, दादांचं वाचून गप्प झालो. पण त्या अरबाला नावसुद्धा नाही त्या पुस्तकात, हे पण लिहा.

कृष्णाकाठ :

बरोबर पकडलंत. नाही. आणि मी इतकी वर्षं शिकवलं, एकदाही फळ्यावर लिहिलं नाही.

माणदेशी (आटपाडी) :

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या दारात आहे. ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५.

बघा कसं जुळतंय. तरणा मास्तर, औंध संस्थानचा नेमणुकीचा हुकूम खिशात, पायी चालत धनगरांच्या वाडीत येतो. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागं. कुणी मागितलेला मास्तर नाही. वाडीला शाळेची जेवढी गरज, तेवढीच क.च्या गावाला मोजणीची. संस्थान म्हणजे गढी, कारभारी म्हणजे गावचा प्रमुख, सगळं आहे.

पण होतं काय? वाडी त्याला मास्तर म्हणून फारशी वापरत नाही. पत्र लिहून दे, तालुक्याला चाललायस तर एवढं आण, भांडण मिटव. त्याचं जे काम नाही तेच त्याच्या गळ्यात घालतात, आणि तो घालून घेतो. आयबू नावाचा एक जण त्याच्यापाशी येऊन राहतो. आनंदा रामोशी चोर आहे, पण मास्तरशी इमानानं वागतो. पुढं हा पोरांना घेऊन तालीम बांधतो आणि राजाला उद्घाटनाला आणतो. गढीच खाली आली की हो! क. असता तर त्यानं कारभाऱ्याला विचारलं असतं, माझ्या नेमणुकीच्या हुकमात तालीम बांधायचं कलम कुठं आहे?

याचं इंग्रजी भाषांतर १९५८ ला निघालं, त्याच्या नावाचा अर्थ ‘गावाला भिंती नव्हत्या’. माझ्या डोक्यात दोन्ही पुस्तकं आता शेजारी शेजारी बसलीत.

साखळीआणे :

माणदेशी, मुजरा. एवढ्या जवळचं मला दिसलं नाही. क.ला शिपायाची नोकरी मिळाली तेव्हा तो सारखा अपमान मोजत बसतो. खरंच, सगळ्या कादंबरीत त्यानं मोजलं असेल तर तेवढंच.

पण एक शंका. बनगरवाडीचा शेवट?

माणदेशी :

दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस. मास्तरही निघतो. आत घेतलं खरं, पण आतच राहिलं नाही काही. आमच्याकडं हे कादंबरीतलं वाटत नाही. माझे चुलते सन ७२ ला असेच गेले, परत आले ते पाहुण्यासारखे.

रात्रपाळी :

मी साताऱ्यात घरी बसून रात्री साडेसहा ते तीन अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो. ‘क्लामचं पत्र’ वाचून अंगावर काटा आला, कारण मला ते आलंय.

मागच्या वर्षी प्रोजेक्ट संपला आणि मी चार महिने ‘बेंच’वर होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पगार चालू, काम नाही. रोज लॉगिन करायचं, हिरवा ठिपका दिसला पाहिजे. तिसऱ्या महिन्यात मेल आली, या तिमाहीतल्या तुमच्या योगदानाबद्दल आभार. आई म्हणाली, बघ, कौतुक केलंय. मी तिला काय सांगणार?

मला ‘मेटामॉर्फॉसिस’ जवळची वाटते (१९१५). ग्रेगोर साम्सा फिरता विक्रेता. सकाळी उठतो तर किडा झालेला. आणि त्याला पहिली काळजी कसली, पाचची गाडी चुकली! घड्याळात साडेसहा. थोड्या वेळात ऑफिसचा माणूस दारात. किडा झाल्याचं दुःख नंतर, आधी रजेचं काय. हे विनोदी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी लॉगिनला दहा मिनिटं उशीर करून बघावा.

पण काकांच्या ‘गरज नसणं’वरून पुढचा भाग नव्यानं दिसला. आईबापांचं कर्ज ग्रेगोर एकटा फेडत होता. आपल्याशिवाय घर बुडेल अशी त्याची खात्री. तो किडा झाल्यावर म्हातारा बाप बँकेत शिपाई होतो, आई शिवणकाम घेते, बहीण दुकानात लागते. घर चालतं. तो मरतो त्या दिवशी सगळे रजेचे अर्ज लिहून ट्रामनं शहराबाहेर फिरायला जातात, आणि ऊन पडलेलं असतं. बापानं सफरचंद फेकून मारलं ते सगळ्यांना आठवतं. मला ते ऊन जास्त लागलं.

आता काम आहे. पण रात्री तीनला लॅपटॉप मिटून गच्चीवर गेलो की अजिंक्यताऱ्यावरचे दिवे दिसतात आणि खाली अख्खी पेठ झोपलेली. मी गावात आहे, पण गावाच्या घड्याळात नाही. दूधवाला मला ‘सुट्टीवर आलाय का’ असं दोन वर्षं विचारतोय.

पोवईनाका :

भावा, शनिवारी सकाळी काकांबरोबर तारा चढायला चल. दहाला. तुझ्या हिशेबानं पहाटच.

शिवसागर :

धागा तीन दिवस वाचतोय. लिहावं की नको असं झालं होतं.

माझ्या आजोबांचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढलं. आमचं बिऱ्हाड तिथून दूर, सपाटीच्या मुलखात आलं. जिथं आलो तिथल्या गावाची चूक नव्हती, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पण तीन पिढ्या झाल्या, अजून आमच्या आळीला ‘धरणग्रस्त’ म्हणतात. माझ्या मुलीचा जन्म तिथला, तरी तीही धरणग्रस्त. जत्रेत आमची पालखी शेवटी. त्यामुळं क.ला गावात राहायची परवानगी का हवी होती, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पण काका, एक गोष्ट तुमच्या लेखात नाही. आजोबा सांगायचे की पाणी यायच्या आधी मोजणीदार आले होते. घर मोजलं, गोठा मोजला, फणस किती, आंबे किती, सगळं लिहून घेतलं. लहान पोरं त्यांच्यामागं साखळी धरायला पळत होती, मजा वाटत होती. जुनी माणसं मात्र दार लावून बसली. मोजणीदार गावात येतो म्हणजे कोणीतरी लांब बसून या गावाचं काहीतरी ठरवलेलं असतं. तुमच्या म्हातारीला ते माहीत होतं. काफ्काच्या त्या प्रमुखालाही असेल.

तुम्ही म्हणता क.ची कोणाला गरज नव्हती. मला वाटतं, त्याची भीती होती. गरज नाही असं म्हणणं हे भीती लपवायचं सभ्य रूप.

साखळीआणे :

शिवसागर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. उत्तर द्यायला आज दुपार झाली.

खरं आहे. मी भूसंपादनाच्या मोजण्याही केल्यात. झाडं मोजलीत. मी स्वतःला नेहमी टेप धरणारा हात समजत आलो, ठरवणारे दुसरे. गावाला हात आणि ठरवणारा वेगळे दिसत नाहीत, आणि का दिसावेत? ३३ वर्षांत हा विचार मनात आला नाही असं म्हणत नाही. आला की मी फलकावर वाकून काम करायचो.

‘गरज नव्हती’ हे माझं वाक्य मी मागं घेत नाही, पण अर्धं करतो.

जर्मनपाठ :

उशिरा आलो. भाषांतराचं काम करतो म्हणून काही फुटकळ गोष्टी, कामाच्या वाटल्या तर घ्या.

मूळ नाव ‘दास श्लॉस’. ‘श्लॉस’ म्हणजे गढी, आणि कुलूपसुद्धा. मोजणीदाराला शब्द आहे ‘लांडफरमेसर’. ‘फरमेसन’ म्हणजे मोजणं, पण तेच क्रियापद स्वतःला लावलं की अर्थ होतो मोजण्यात चुकणं किंवा नको तेवढं धाडस करणं. जर्मन वाचकाला पहिल्या पानापासून हे ऐकू येतं. तेव्हा क. खरा की थापाड्या, या काकांच्या प्रश्नावर काफ्कानं शब्दातच दोन्ही ठेवलंय. तो फोन आठवा. दुसऱ्यांदा ‘हो’ आलं तेव्हा क.ला आनंद होत नाही, तो सावध होतो. आपली थाप पचली असं वाटणाऱ्या माणसासारखा.

काफ्कानं हे १९२२ साली लिहिलं, क्षय बळावलेला, आणि अर्धवट सोडलं. १९२४ ला तो वारला. ब्रॉडनं १९२६ ला छापलं तेव्हा शेवटचा बराच भाग गाळला होता. काकांचं म्यूर भाषांतर त्या आवृत्तीवरून आहे. काका, तुमची प्रत कुठं संपते?

साखळीआणे :

फ्रीडा त्याला सोडून जाते, तिथं. मागं ब्रॉडचं टिपण आहे की काफ्कानं त्याला शेवट सांगितला होता. क. मरायला टेकलेला असताना निरोप येतो की गावात राहायचा तुझा हक्क नाही, पण परिस्थिती पाहता तुला इथं राहायची आणि काम करायची मुभा आहे. ‘परिस्थिती पाहता’ हे शब्द वाचून मी पुस्तक मिटलं. असे आदेश मी टाइप केलेत.

जर्मनपाठ :

मग तुमचं बरंच राहिलंय. त्यानंतर एका रात्री क. चुकून ब्युर्गेल नावाच्या सचिवाच्या खोलीत शिरतो. सचिव अंथरुणातूनच समजावत राहतो की एखादा अर्जदार असा अवचित रात्री आला तर आमचा नाइलाज होतो, त्यानं नुसतं मागावं, आम्ही मंजूर करतो. सगळ्या कादंबरीत उघडलेलं हे एकच दार. आणि क. तिथं पलंगाच्या कडेला टेकून झोपलेला असतो.

अगदी शेवटच्या पानावर गेर्स्टेकर नावाचा गाडीवाला त्याला आपल्या झोपडीत नेतो. मंद उजेडात त्याची म्हातारी आई पुस्तक वाचत बसलेली असते. ती थरथरता हात पुढं करते, क.ला आपल्याजवळ बसवून घेते. तिला बोलायला त्रास होतो, तिचं बोलणं समजायला अवघड जातं, पण ती जे म्हणाली... आणि तिथंच वाक्य तुटतं. पुढं काही लिहिलेलं नाही.

पोवईनाका :

मायला. म्हणजे काकांची म्हातारी!

कृष्णाकाठ :

मीही तेच लिहायला आले होते.

साखळीआणे :

जर्मनपाठ, मुलीला सांगून नवं भाषांतर मागवलंय, १९९८ चं, मार्क हार्मनचं. येईल तेव्हा वाचीन.

कालपासून ते बांधावरचं पुन्हा पुन्हा आठवतोय. पहिल्या लेखात मी लिहिलं की ‘बसा’ कोणी म्हणालं नाही. ते बरोबर नाही. त्या म्हातारीच्या काखेत एक रिकामं पोतं होतं, युरियाचं. “मोजून रान वाढतंय व्हय रं बाबा” असं म्हणून तिनं ते बांधाच्या सावलीत टाकलं आणि दोनदा हातानं झटकलं. मी उभाच राहिलो, कारण लगतवाले येतील आणि साहेब बसलेला दिसेल असं वाटलं. ती काही वेळ पोत्याकडं बघत थांबली, मग शेळ्या घेऊन गेली. पोतं तिथंच राहिलं. दुपारी त्यावर मी फलक ठेवला.

मूळ लेखात दुरुस्ती करता येत नाहीये, म्हणून इथं लिहिलं.